पान आपलं, जंगल आपलं, मग पैसे कोणाकडे मागायचे?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे.)

कुरखेड्यावरून मी बोलतेय. आजचा भाग लांबचा आहे, म्हणजे अंतरानं लांबचा. सुरुवात सती नदीच्या काठावरून होईल, मधे आपण जर्मनीत जाऊ, आणि शेवटी परत आपल्याच जिल्ह्यात येऊ. इयरफोन लावून बसा. गाडी चालवत असाल तर मात्र घरी पोचल्यावर ऐका.

तर मे महिना. तेंदूचा हंगाम. आमच्याकडे या पंधरा-वीस दिवसांत गावात दुपारी फिरलात तर प्रत्येक पडवीत एकच दृश्य दिसतं. पहाटे अंधारात जंगलात गेलेली माणसं परत आलेली आहेत, पानांचे गठ्ठे सोडलेत, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे पुडे बांधतायत. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी ते पुडे फळीवर जातात. फळी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान, जिथे पुडे मोजतात, ओळीनं वाळायला ठेवतात आणि मग गोणीत भरतात. हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी. गणित करा: एका गोणीत सत्तर हजार पानं. समजा एका घरानं दिवसाला शंभर पुडे केले, तर दहा दिवसांनी एक गोणी होते. सत्तर हजार वेळा हात फांदीकडे गेला आणि परत आला, तेव्हा एक गोणी.

माझी मामी हे काम लग्न होऊन आली तेव्हापासून करते. काही वर्षांपूर्वी असं झालं की हंगाम संपला, पाऊस लागला, धानाचे पऱ्हे टाकायची वेळ आली, तरी पानांचे पैसे आले नाहीत. ठेकेदाराचा फोन आधी लागत नव्हता, मग बंदच झाला. मी मामीला म्हटलं, "मामी, ठेकेदाराच्या घरी जाऊन बसा ना सगळे. मोर्चा काढा."

मामी म्हणाली, "ठेकेदार तं आपल्याच ग्रामसभेनं ठेवला ना पोरी. पान आपला, जंगल आपला. मंग पैसे कोनाकडे मांगाचे?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मी बी.ए.ला इतिहास शिकलेली मुलगी, पण या प्रश्नाचा धडा पुस्तकात नव्हता. आजचा भाग म्हणजे त्या प्रश्नाचा पाठलाग आहे. मजूर कोण, मालक कोण, आणि दोन्ही एकच माणूस असेल तर भांडायचं कोणाशी?

जर्मनी, १९४८: एका रविवारात पैसा बदलला

दुसरं महायुद्ध १९४५ च्या मे महिन्यात युरोपात संपलं. जर्मनी हरलेली होती, शहरं पडलेली होती, देशाचे चार तुकडे करून अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया यांनी वाटून घेतले होते. जुन्या नोटांना किंमत नव्हती. लोक सिगारेटच्या पाकिटावर व्यवहार करायचे. दुकानं रिकामी होती, कारण माल असेल तो दुकानदार लपवून ठेवायचा. रद्दी झालेल्या नोटा घेऊन माल कोण देणार?

२० जून १९४८, रविवार. पश्चिमेकडच्या तीन तुकड्यांत नवं चलन आलं, डॉइच मार्क. प्रत्येक माणसाला सुरुवातीला चाळीस मार्क मिळाले, नंतर आणखी वीस. याच वेळी अर्थखातं सांभाळणारे लुडविग एरहार्ड यांनी बऱ्याच वस्तूंवरचं किमतींचं सरकारी नियंत्रण काढून टाकलं. सोमवारी दुकानं मालानं भरलेली दिसली. ही गोष्ट जर्मनीत आजही चमत्कारासारखी सांगतात.

आता नोटाबंदी पाहिलेल्या आपल्या पिढीनं इथे जरा थांबून विचार करायला पाहिजे. ज्याची बचत बँकेत होती, त्याच्या शंभर जुन्या मार्कांचे शेवटी साडेसहा नवे मार्क झाले. ज्याच्याकडे कारखाना, जमीन, घर होतं, त्याची मालमत्ता मात्र तशीच राहिली. म्हणजे आयुष्यभर मजुरी करून चार पैसे बाजूला टाकणारा बुडाला. वरून किमती मोकळ्या सोडल्या, पण मजुरीवरची बंधनं तशीच ठेवली. उन्हाळ्यापासून किमती चढत गेल्या आणि पगार मागे राहिला.

१२ नोव्हेंबर १९४८ ला अमेरिकन आणि ब्रिटिश भागांत चोवीस तासांचा सार्वत्रिक संप झाला. नव्वद लाखांहून जास्त कामगार घरी बसले. जर्मनीच्या 'आर्थिक चमत्काराची' गोष्ट सांगताना हा दिवस बहुतेक लोक गाळतात. एरहार्ड यांनी धोरण मागे घेतलं नाही, हे खरं. पण एक गोष्ट सगळ्यांना दिसली. कामगारांना बाजूला ठेवून हा देश उभा करता येणार नाही.

मालकाच्या टेबलावर खुर्ची

हान्स ब्योक्लर हे नाव लक्षात ठेवा. धातुकामाच्या कारखान्यात काम केलेला माणूस, युनियनमध्ये वाढलेला. हिटलरनं १९३३ साली काय केलं होतं माहिती आहे? १ मे ला सरकारी सुट्टी जाहीर केली, कामगार दिनाचे मोठे मेळावे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी, २ मे ला, सगळ्या युनियनच्या कचेऱ्यांवर धाडी टाकून युनियनच मोडून काढल्या. ब्योक्लर यांनी तो काळ पाहिला होता. त्यांच्या पिढीचा निष्कर्ष साधा होता. कोळसा आणि पोलाद ज्यांच्या हातात, त्यांनी हुकूमशहाला हात दिला तर देश बुडतो. म्हणून या उद्योगांत निर्णय होतात त्या खोलीत कामगारही बसला पाहिजे.

१९४७ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातल्या रूहर खोऱ्यात काही पोलाद कारखान्यांत हे सुरूही झालं. गंमत म्हणजे तेव्हा काही मालकांनीच युनियनला सोबत घ्यायची तयारी दाखवली. कारण काय? दोस्त राष्ट्रं कारखाने सोडून, तोडून न्यायला बसली होती. कारखाना वाचवायचा तर कामगार सोबत हवा. गरज पडली की मालकालाही भागीदार आठवतो.

पण १९५० येईपर्यंत मालकांची भीती ओसरली होती आणि नव्या सरकारात जुना हक्क काढून घ्यायची चर्चा सुरू झाली. ऑक्टोबर १९४९ मध्ये म्युनिकमध्ये सगळ्या युनियनचा एक महासंघ झाला होता आणि ब्योक्लर त्याचे अध्यक्ष होते. धातू कामगारांच्या युनियननं मतदान घेतलं, ९५ टक्क्यांहून जास्त जणांनी संपाच्या बाजूनं मत दिलं. पाठोपाठ खाणकामगारांनीही ९० टक्क्यांहून जास्त मतांनी होकार दिला. जानेवारी १९५१ मध्ये चान्सलर आडेनाउअर आणि ब्योक्लर समोरासमोर बसले आणि तोडगा निघाला. संप करावाच लागला नाही. ब्योक्लर १६ फेब्रुवारीला वारले. कायदा संसदेत मंजूर झाला तो १० एप्रिलला. स्वतःची लढाई जिंकली आणि कागद बघायला ते राहिले नाहीत.

कायद्यात काय होतं? एक हजारांवर कामगार असलेल्या कोळसा आणि पोलाद कंपन्यांत, व्यवस्थापनावर देखरेख करणारं जे मंडळ असतं, त्यात साधारण अकरा माणसं. पाच भागधारकांची, पाच कामगारांच्या बाजूची, आणि अकरावा दोघांनाही चालेल असा. शिवाय व्यवस्थापनात एक कामगार संचालक, ज्याला कामगार प्रतिनिधींच्या विरोधात नेमता येत नाही. जर्मन भाषेत याला 'मिटबेश्टिमुंग' म्हणतात. 'मिट' म्हणजे सोबत, 'बेश्टिमुंग' म्हणजे ठरवणं. सोबत ठरवणं. आपण सहनिर्णय म्हणू.

आता हे ऐकून जर्मनी म्हणजे कामगारांचा स्वर्ग असं समजू नका. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, बाकीच्या उद्योगांसाठी कायदा आला तेव्हा कामगारांना निम्म्या नाही, एक तृतीयांशच जागा मिळाल्या. त्याविरुद्ध छापखान्यातल्या कामगारांनी मे महिन्यात दोन दिवस वर्तमानपत्रं बंद ठेवली, पण कायदा बदलला नाही. युनियननं त्याला पराभवच मानलं. १९७६ साली दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपन्यांत निम्म्या जागा झाल्या, पण समसमान मतं पडली तर अध्यक्षाचं जास्तीचं मत, आणि अध्यक्ष बहुधा मालकाच्या बाजूचा.

आणखी एक गोष्ट मला वाचताना चकित करून गेली. जर्मनीत सरकारनं सगळ्यांसाठी किमान वेतन ठरवलं ते थेट जानेवारी २०१५ मध्ये, तासाला साडेआठ युरो. त्याआधी साठ-पासष्ट वर्षं मजुरीचा दर युनियन आणि मालक आपसात ठरवायचे, त्यासाठी १९४९ चा कायदा होता. सरकार मधे पडत नसे. म्हणजे तिथला मजूर दरासाठी सरकारच्या तोंडाकडे बघत नव्हता. त्याच्याकडे टेबल होतं आणि टेबलावर खुर्ची होती.

त्याच काळात आपल्याकडे

आपल्याकडे कोणाला हे सुचलंच नव्हतं असं नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात मालक-कामगारांची संयुक्त समिती असावी अशी तरतूद होती. जर्मनीनं १९७६ ला कायदा केला, त्याच वर्षी आपल्या संसदेनं ४२ वी घटनादुरुस्ती केली आणि घटनेत कलम ४३ 'क' आलं, म्हणजे उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. वर्ष तेच, विषय तोच. फरक एवढाच की आपलं कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ते घेऊन कोर्टात जाता येत नाही. १९९० मध्ये त्यासाठी विधेयक मांडलं गेलं, त्याचा कायदा काही झाला नाही.

मुंबईचं उदाहरण तर तुम्हाला माहितीच आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत पगार, बोनस होताच, पण १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदाही होता. त्या कायद्यानं कामगारांच्या वतीनं बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता. कामगाराचा विश्वास त्या युनियनवर नसला तरी टेबलावर तीच बसणार. तिथे खुर्ची होती, पण तिच्यावर कोण बसेल हे कामगार ठरवत नव्हता. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही, गिरण्याच गेल्या. त्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ ला, चंद्रपूरचे दोन भाग होऊन आपला गडचिरोली जिल्हा झाला.

जंगलातला मालक कोण?

आमच्याकडे गिरणी नव्हती. आमचा कारखाना म्हणजे जंगल. बांबू कापायचा, लाकूड तोडायचं, तेंदूपानं तोडायची. बल्लारपूरचा कागद कारखाना निघाला १९४५ साली, त्याला बांबू लागायचा. विडीच्या कारखान्यांना पानं लागायची. माल जंगलातून जायचा आणि मजुरी ठेकेदार सांगेल तेवढी.

स्वातंत्र्याच्या वेळी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर सरकारनं यावर एक उपाय काढला होता. जंगल कामगार सहकारी संस्था. ठेकेदाराला बाजूला काढून जंगलाचं काम थेट मजुरांच्या संस्थेला द्यायचं. आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, आणि मग अशा संस्था इकडेही झाल्या. कल्पना फार चांगली होती. पण जंगल सरकारचं, काम कुठे आणि किती ते सरकार ठरवणार, संस्थेचं काम मजूर पुरवायचं. ठरवण्यात वाटा नाही.

मग १९६९ मध्ये महाराष्ट्रानं वनोपज व्यापाराच्या नियमनाचा कायदा केला. शेजारच्या मध्य प्रदेशानं १९६४ लाच तेंदूचा व्यापार सरकारच्या हातात घेतला होता. हेतू सांगितला गेला तो ठेकेदाराच्या लुटीला आळा घालण्याचा. झालं असं की जंगलाचे घटक पाडून लिलाव व्हायला लागले, पैसा सरकारकडे जायला लागला, आणि फळीवर पुडे मोजायला ठेकेदाराचाच माणूस उभा राहिला. "पान छोटं आहे, पुडा बाद." आमच्या आजीच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मला ते म्हणीसारखं वाटायचं. बाद केलेला पुडा घरी परत द्यायचे नाहीत, हे विशेष.

१९८० च्या दशकात नक्षलवादी या जंगलात आले. त्यांनी सगळ्यात आधी हात घातला तो तेंदू आणि बांबूच्या मजुरीला. दर वाढले, हे इथला कोणताही म्हातारा माणूस सांगेल. पण ते दर कोण ठरवत होतं? आधी ठेकेदार ठरवायचा, आता बंदूकवाला ठरवायला लागला. मजूर दोन्ही वेळा बाहेरच उभा होता. आणि त्या वाटेची किंमत आमच्या तालुक्यानं किती मोजली, ते मला वेगळं सांगायला नको. १ मे २०१९. महाराष्ट्र दिन, कामगार दिन. जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग स्फोटात पंधरा पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. आमच्याकडे तेव्हापासून १ मे उजाडला की सकाळी आधी तेच आठवतं. ते जवान पण कोणाच्या तरी घरचे, नोकरी करणारे पोरंच होते.

कायदा बदलला, मालक बदलला

आता तिसरी वाट. १९९६ मध्ये पेसा कायदा आला आणि अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेची, असं संसदेनं म्हटलं. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. त्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू आणि तेंदू दोन्ही नावानिशी आले. वाक्य छोटं आहे, पण आमच्यासाठी १९५१ च्या जर्मन कायद्याएवढंच मोठं आहे.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्ही ऐकलं असेल. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे देशभर माहिती झालेलं गाव. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतुकीचा परवाना वनविभागाकडेच मागावा लागत होता. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. मेंढ्यात निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एक माणूस अडला तरी विषय पुढच्या सभेला. वेळ लागतो. पण अकरावा माणूस लागत नाही.

२०१३ च्या हंगामापासून आपल्या जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या गोंदियातल्या काही ग्रामसभांनी तेंदू स्वतः विकायला सुरुवात केली. आता पेसाच्या गावात दरवर्षी ग्रामसभा ठरवते की विक्री वनविभागाकडून करून घ्यायची की स्वतः करायची. स्वतः केली तर जाहिरात, बोली, करारनामा सगळं गावच करतं. मजुरी तोडणाऱ्याला आणि रॉयल्टी ग्रामसभेला. ती वाटायची की तळ्याला लावायची की रोपवनाला, तेही गावानं ठरवायचं. आमच्या कुरखेड्यात डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था १९८० च्या दशकापासून काम करते, तिच्यासारख्या संस्थांनी दावे भरायला, नकाशे करायला गावांना मदत केली. आज राज्यात सगळ्यात जास्त सामूहिक वनहक्क आपल्या जिल्ह्यात आहेत.

म्हणजे बघा काय झालं. जर्मनीच्या कामगाराला मालकाच्या टेबलावर अर्ध्या खुर्च्या मिळाल्या. आमच्या मामीला अख्खं टेबलच मिळालं.

मग पैसे का बुडाले?

मामीच्या प्रश्नाचं उत्तर

यावर मी खूप दिवस विचार केला. मला जे समजलं ते सांगते, तुम्हाला पटतं का बघा.

जर्मन पोलाद कामगाराकडे मालकी नव्हती, पण आवाज होता. महत्त्वाचं म्हणजे त्याला माहिती मिळायची. कंपनीचा हिशेब, ऑर्डर किती, तोटा किती, कोणता विभाग बंद होणार, हे देखरेख मंडळात बसणाऱ्या कामगार प्रतिनिधीला कळायचं. भांडवल मालकाचं, कर्ज मालकाचं. बाजार पडला तर पहिला फटका मालकाला.

आमच्याकडे उलटं आहे. मालकी आहे, पण भांडवल नाही. पानं वाळवली, गोणीत भरली, आता ती ठेवायला गोदाम नाही. दर पडला तर दोन महिने थांबायची ऐपत नाही. पाऊस आला तर पानं काळी पडतात. विडीच्या बाजारात काय चाललंय याची माहिती ठेकेदाराला असते, आपल्याला नसते. म्हणून मालक असूनही आपण बोली लावणाऱ्याच्या दयेवर असतो. आणि आधी मजुरापुरती असलेली जोखीम आता मालकाची होते. आधी फक्त मजुरी बुडायची. आता मजुरीही बुडते आणि रॉयल्टीही.

त्यात वरून धोरण येतं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेंदूपानावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के. पुढच्या हंगामात ग्रामसभांना मिळणारे दर घसरले. घसरणीला इतरही कारणं होती, पण कराचा बोजा शेवटी बोलीतूनच कापला जातो, हे फळीवरच्या पोराटोरांना कळत होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तो कर तेंदूपानावर ५ आणि विडीवर १८ टक्के करायचं ठरलं. दोन्ही वेळा निर्णय दिल्लीत झाला. ज्या टेबलावर झाला, त्या टेबलावर आमची खुर्ची नव्हती.

म्हणून मामीला आता मी सांगते, मामी, पैसे ठेकेदाराकडेच मागायचे, पण हंगामानंतर नाही. हंगामाआधी. करारनामा लिहितानाच अनामत किती, आठवड्याला किती पैसे जमा होणार, पैसे जमा झाल्याशिवाय गोणी फळीवरून हलणार नाही, वाहतुकीच्या परवान्यावर सही कोण करणार, हे ठरवून घ्यायचं. परवान्याचं पुस्तक आपल्याकडे आहे, म्हणजे फाटकाची किल्ली आपल्याकडे आहे. ती आधी देऊन टाकली तर मग नुसती मालकी उरते. ज्या गावांनी हे पाळलं, त्यांचे पैसे वाचायची शक्यता जास्त. साधी गोष्ट आहे, पण ती पाळायला गावात करारनामा वाचणारी दोन-चार पोरंपोरी लागतात. तुम्ही ऐकताय ना?

दुसरी गोष्ट, एकटी ग्रामसभा कमजोर पडते. शेजारच्या कोरची तालुक्यात, जो आधी आमच्याच कुरखेड्याचा भाग होता, नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. बाया आणि गडी दोघंही प्रतिनिधी म्हणून जातात. एकत्र बोलणी केली तर दर वेगळा लागतो. ब्योक्लर यांनी १९४९ ला म्युनिकमध्ये हेच केलं होतं, सोळा युनियनचा एक महासंघ.

तिसरी गोष्ट मला पाचगावनं शिकवली. चंद्रपूर जिल्ह्यातलं, गोंडपिपरी तालुक्यातलं गाव. २०१२ मध्ये त्यांना एक हजारावर हेक्टरचा वनहक्क मिळाला. त्यांनी बांबूचं काम स्वतः सुरू केलं आणि तेंदू तोडायचा नाही असं ठरवलं. खुटकटाई, फांद्या तोडणं आणि हंगामात लागणाऱ्या आगी यांनी जंगलाचं नुकसान होतं म्हणून. हातातला पैसा सोडायचा निर्णय. मजूर असताना 'नाही' म्हणायची सोय नसते. मालक असला तर असते.

खुर्चीबाहेर कोण राहिलं?

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा भाग संपवला तर ते बरोबर होणार नाही. जर्मनीचे कारखाने १९५० च्या दशकात इतके वाढले की माणसं कमी पडली. १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून मजूर आणले. त्यांना 'पाहुणे कामगार' म्हणायचे. १० सप्टेंबर १९६४ ला दहा लाखावा पाहुणा आला, पोर्तुगालचा एक सुतार. कोलोनच्या स्टेशनवर बँड वाजवून त्याचं स्वागत केलं आणि त्याला मोपेड भेट दिली. फोटो छान आहे, इंटरनेटवर बघा. पण कारखान्यातल्या कामगार परिषदेवर निवडून यायचा पूर्ण हक्क बहुतेक परदेशी कामगारांना मिळाला तो १९७२ मध्ये. सहनिर्णय होता, पण 'आपल्या' लोकांसाठी.

आमच्या फळीवरही बाहेरगावची माणसं येतात. ब्रह्मपुरी, नागभीडकडून ट्रकमध्ये बसून तेंदू तोडायला दूर जाणारी कुटुंबं दर मे महिन्यात दिसतात, आमच्या इकडचीही दुसरीकडे जातात. त्यांचं त्या ग्रामसभेत मत नसतं. पुडा बाद झाला तर ते कोणाकडे जातील? जंगलाची मालकी मिळालेल्या गावानं आता हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा, कारण त्यांच्यासाठी मालक आपणच आहोत. 'बाद' म्हणणारा आता आपलाच पोरगा असू शकतो.

आणि आता पोलाद

शेवटची गोष्ट. जर्मन कामगारांना पहिली खुर्ची मिळाली ती कोणत्या उद्योगात? कोळसा आणि पोलाद. आणि आपल्या जिल्ह्यात आता काय येतंय? एटापल्लीत सुरजागडचं लोहखनिज निघतंय, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलादाचा प्रकल्प आहे. गडचिरोली 'स्टील हब' होणार, असं तुम्ही रोज रील्समध्ये ऐकता. आपल्यातले कितीतरी जण तिथे नोकरीला लागलेत, लागतील. मी त्याच्या विरोधात किंवा बाजूनं भाषण करणार नाही, त्यावर वेगळा भाग करू. मला फक्त इतकंच विचारायचंय. नोकरी किती, पगार किती, हे प्रश्न आपण विचारतो आणि ते बरोबरच आहेत. पण निर्णय होतात त्या खोलीत आपलं कोण बसणार, हा प्रश्न कोणी विचारताना मला अजून ऐकू आलेला नाही. रूहरच्या कामगारांनी तो विचारला, कारण न विचारल्याची किंमत त्यांनी मोजलेली होती. किंमत आपणही मोजलेली आहे.

मामीचे पैसे पुढे आले का? अर्धे आले, दिवाळीच्या तोंडावर. बाकीचे बुडाले. पुढच्या वर्षी ग्रामसभेत करारनामा मोठ्यानं वाचला गेला, आणि तो वाचायला सांगणारी बाई कोण होती ते तुम्ही ओळखलंच असेल. तिला मी जर्मनीची सगळी गोष्ट सांगितली. शांतपणे ऐकलं, पुडा बांधता बांधता. मग म्हणाली, "चांगला केला त्यांनी. पन खुर्चीवर बसनाऱ्याले वाचता आला पायजे ना."

तुमच्या गावात तेंदूचा करारनामा सभेत वाचतात का? तुमच्या घरी फळीवरचा कोणता अनुभव आहे? आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात काही जणांचे ऐकवीन. तोवर रामराम, सेवा जोहार.